बाबांच्या डाव्या गुडघ्याची तपासणी

माणसाच्या शरीरात गुडघ्याइतका विनम्र अवयव दुसरा नाही. देवापुढे तो टेकतो, गुरूपुढे टेकतो, आणि माणूस कितीही मोठा झाला तरी त्याला जमिनीची आठवण करून देतो. हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिलं होतं. विषय 'नम्रता' असा होता आणि एक पान भरायचं होतं. स्मरणिका गणपतीत छापून आली. त्याच आठवड्यात बाबांच्या डाव्या गुडघ्यातून सिरिंजभर गढूळ पिवळं पाणी काढलं गेलं. तो गुडघा तेव्हा टेकणं सोडाच, चादरीचा स्पर्शही सहन करत नव्हता.

जबलपूरच्या मराठी लोकांत दोन प्रकार आहेत. बाहेरच्याला ते कळत नाहीत आणि आतल्याला विसरता येत नाहीत. पहिले, मराठ्यांच्या राज्यात नोकरीवर आलेल्यांचे वंशज. त्यांची घरं नेपियर टाउनात किंवा सिव्हिल लाइन्सकडे, घरात वकील, प्राध्यापक, आणि भिंतीवर एखाद्या पगडीवाल्या पूर्वजाचं चित्र. दुसरे आम्ही, फॅक्टरीवाले. तोफांचे सुटे भाग करणाऱ्या सरकारी कारखान्यात आजोबा आले, मग बाबा लागले, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून घमापुरात बाजारामागे घर झालं. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे.

मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा कोणाच्या हातून व्हायची, हे पूर्वी ठरलेलं असे. पाटावर पहिल्या प्रकारचा माणूस बसायचा. मग त्यांची मुलं पुण्याला आणि परदेशी गेली, म्हातारे थकले, आणि एका वर्षी पाट रिकामा राहतो की काय अशी वेळ आली, तेव्हा बाबांना बसवलं. फॅक्टरीवाल्यांतले ते पहिलेच. तेव्हापासून दर वर्षी तेच. त्यांनी कधी त्याबद्दल अभिमान वगैरे दाखवला नाही. फक्त चतुर्थीच्या दीड महिना आधीपासून ते जेवताना मांडी घालून बसण्याचा सराव करायचे, ज्या माणसाला डायनिंग टेबलावरूनही हात टेकून उठावं लागत होतं.

गुडघे झिजले होते. साखर वीसेक वर्षांची जुनी. त्यामुळे गेल्या दोन वर्षांपासून चतुर्थीच्या आधी नेपियर टाउनातल्या एका दवाखान्यात, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, ते गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेत. दुखणं महिनाभर गप्प बसे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर चढेल, आणि सारखं सारखं घेणं बरं नाही. बाबांचं म्हणणं असं की वर्षातून एकदा म्हणजे सारखं नाही.

त्या वर्षी पूजा छान झाली असं सगळे म्हणाले. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेऊन गेले होते. बाबा आणि गुरुजी समोरासमोर पाटावर, दोघांचे चेहरे अत्यंत गंभीर. लोकांना ती भक्ती वाटत होती. मला बाबांचा चेहरा माहीत होता. कळ लागली की ते असेच दिसत.

पूजा सोमवारी झाली. बुधवारी सकाळी गुडघा सुजला होता. दुपारी तो गरम होता, आणि बाबांना थंडी वाजून ताप आला. मी डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "तू काहून घाबरून राहिली? बसण्यानं सूज आली, उतरेल. डबा आण."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, ज्यात घरातली उरलेली औषधं असतात. असा डबा प्रत्येक घरात असतो, पण आमचा निरीक्षकाचा होता. बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. त्यांच्या डब्यात प्रत्येक पाकिटाला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचा टॅग बांधलेला असे: औषध काय, कोणासाठी आणलं, किती उरलं. त्यात माझ्या दाढेच्या वेळची अँटिबायोटिकची पट्टी होती, सहा गोळ्या शिल्लक. पूर्ण कोर्स घ्या असं दंतवैद्यानं सांगितलं होतं. मला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून मी थांबले. हा माझा वाटा.

त्यांनी गोळी घेतली. पाणी मी दिलं. हाही माझा वाटा.

गुरुवारी ताप उतरला, सूज थोडी कमी वाटली, आणि बाबांनी वर्तमानपत्र वाचलं. शुक्रवारी सकाळी पाय जमिनीला लावता येईना. शेजाऱ्याच्या मदतीनं त्यांना ऑटोत आडवं बसवलं आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो.

हाडांचा डॉक्टर तरुण होता. आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा म्हणता येईल. त्यानं गुडघ्याला हात लावला आणि लगेच सुई मागवली. पाणी काढता काढता तो समजावत होता, हिंदीत, शांतपणे, जणू वर्गात. सांध्यात जंतू शिरायला तीन वाटा. रक्तातून वाहत येतात, जवळच्या जखमेतून सरकतात, किंवा सुईबरोबर थेट आत जातात. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो आपल्या कातडीवर आणि नाकात मुकाट्यानं राहणारा, पिवळसर पुंजके करणारा जंतू. तो सगळ्यांकडे असतो, फक्त त्याला दार मिळावं लागतं. मग त्याच्या ओळीतले दुसरे, साखळ्या करून राहणारे. म्हाताऱ्या माणसात लघवीचा त्रास असेल तर पोटातले. कच्चं दूध पिणाऱ्यांत एक वेगळाच. क्षयाचाही येतो, पण तो महिनोन्महिने घेतो, असा दोन दिवसांत येत नाही.

मग त्यानं फॉर्म भरायला घेतला. वय साठच्या वर? साखर? सांधा आधीच झिजलेला? अलीकडे सांध्यात इंजेक्शन? कातडीवर जखम? बाबा सगळ्या रकान्यांत बसत होते. बढतीच्या वेळी त्यांची नेहमी एखादी अट कमी पडायची. इथे एकही पडली नाही. एक रकाना तरुण वयात शरीरसंबंधातून येणाऱ्या जंतूचा होता. डॉक्टरनं बाबांकडे बघितलं, आणि रकाना आहे म्हणून विचारलंच. बाबांनी तपासणी अधिकाऱ्याच्या आवाजात सांगितलं, लिहा, नाही.

कातडीची जखम शोधायला त्यानं मोजा काढला. डाव्या तळपायाला, करंगळीच्या खाली, एक ओली चीर होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, कडेनं लाल. बाबांना ती माहीत नव्हती. मलाही नाही. पण ती कुठून आली ते आम्हा दोघांना लगेच कळलं. दर रविवारी बाबा अंगणात जुना पेपर पसरून दाढीच्या अर्ध्या पात्यानं तळपायाचं कुरूप तासत. तीस वर्षं फॅक्टरीचे बूट घातल्यानं आलेलं कुरूप. हातोटी उत्तम होती, मिलिमीटरचा हिशेब. फक्त पायाला काही कळत नव्हतं, आणि ते पायानं कोणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरनं एक नायलॉनचा जाड धागा आणला. डोळे मिटा म्हणाला, मी तळव्याला टेकवला की हो म्हणा. टेकवला. बाबा हो म्हणाले. पुन्हा टेकवला. हो. तिसऱ्यांदा त्यानं धागा हातातच धरून ठेवला. बाबा थोडं थांबून, बरोबर त्याच अंतरानं, हो म्हणाले. चौथ्यांदाही. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. तो बाहेर गेल्यावर मी तो धागा माझ्या तळहाताला टेकवून बघितला. मला कळत होता. इतकंच मी तपासलं.

परत आल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला. "अंकल जी, घर पे कोई एंटीबायोटिक ली थी?"

"नहीं," बाबा म्हणाले.

मी खिडकीतून सायकल स्टँड बघत होते. आमच्या घरात बाहेरच्या माणसासमोर बाबांचं बोलणं खोडायची पद्धत नाही. आई गेली तोपर्यंत तिनंही पाळली. मला वाटतं मी त्या क्षणी पद्धतीचा विचारही केला नसेल. मी सायकली मोजत होते.

आता बाबांच्या फॅक्टरीतल्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ते 'नहीं' कळणार नाही. एखादा भाग तपासणीत नापास झाला, तर पहिला नियम असा की त्याला हात लावायचा नाही. पुसायचा नाही, तेल लावायचं नाही, घासायचा नाही. लाल टॅग लावायचा आणि जसा आहे तसा टेबलावर आणायचा. कामगार घाबरून तो आधी साफ करून आणत, मग दोष कशानं आला ते कधीच कळत नसे. बाबा जेवताना हे इतक्या वेळा सांगत की मला ते पाढ्यांसारखं पाठ होतं. कळल्याशिवाय पुसणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट. चोर निदान वस्तू तरी ओळखतो, असं ते म्हणत.

त्यांनी स्वतःचा गुडघा तीन गोळ्यांनी पुसून आणला होता.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं गुडघा आतून धुतला. सलाइनमधून जोरदार इंजेक्शनं सुरू झाली. पाणी प्रयोगशाळेत गेलं होतं. त्यात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, पण जंतू कुठला, ते बशीत उगवल्यावर कळणार होतं. चोवीस तासांनी काही उगवलं नाही. अठ्ठेचाळीस तासांनी काही नाही. बाबा रोज सकाळी विचारत, "रिपोर्ट काय म्हणून राहिला?" मी सांगे, अजून वाढ नाही. ते मान हलवत, एखाद्या कारागिराच्या चांगल्या कामाला हलवावी तशी.

मंडळाचे सचिव भेटायला आले. शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ घेऊन. हॉस्पिटलात नारळ कशाला हे मी विचारलं नाही. त्यांनी बाबांच्या अंगावरच्या चादरीवर शाल पांघरली, मला फोटो काढायला लावला, आणि ग्रुपवर टाकला: मंडळाचे आधारस्तंभ काका, पूजेच्या अनुष्ठानात प्रकृतीची पर्वा न करता. वाक्याला क्रियापद नव्हतं. जाताना म्हणाले की पुढच्या वर्षीही पाटावर काकाच, दुसऱ्या कोणाचा प्रश्नच नाही. ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, गुडघा किती वाकेल असं डॉक्टर म्हणतो. मी म्हटलं, आधी जंतू मरू द्या.

चौथ्या दिवशी डॉक्टर मला व्हरांड्यात भेटला. काही उगवत नाही, म्हणाला. स्फटिकही दिसले नाहीत, म्हणजे त्या जातीचा संधिवातही नाही. आणि या औषधानं मूत्रपिंडावर ताण येतोय. बशीत जंतूच नसेल तर इतकं जड औषध किती दिवस चालवायचं? त्याचा विचार होता की उद्यापासून थांबवावं आणि सूज दुसऱ्या कशाची आहे ते शोधावं. जुन्या इंजेक्शनचे कागद असतील तर आणा, म्हणाला, किती मात्रा दिली ते बघू.

मी घरी आले. कागद डब्यातच होते, सगळं तिथेच असतं. ते काढताना माझ्या दाढेच्या पट्टीचा टॅग हाताला लागला. पट्टीत तीन गोळ्या उरल्या होत्या. टॅगवर, '६ शिल्लक'च्या खाली, बाबांच्या त्या सुबक तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:

बुध. सायं. ६ – १.
गुरु. सकाळ ७ – १.
गुरु. सायं. ७ – १.
कारण: डावा गुडघा. शिल्लक ३.

ताप भरलेल्या माणसानं हे लिहिलं होतं. तोंडी नाही म्हणणं त्यांना जमलं, टॅगवर खोटं लिहिणं जमलं नव्हतं. मी तो दोऱ्यासकट कापला आणि पर्समध्ये ठेवला. काही वाटलं का, असं पुढे बाहेरगावी असलेल्या माझ्या भावानं फोनवर विचारलं होतं. काही वाटलं नाही. ऑटो लवकर मिळाली, एवढं आठवतं.

टॅग थेट डॉक्टरला देता आला असता. मी तो आधी बाबांपुढे धरला.

त्यांनी चष्मा मागितला. दोन्ही बाजू बघितल्या, दुसऱ्या कोणाचं काम तपासावं तसं. "वेळा बरोबर आहेत," म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला. "मी त्याला नाही म्हटलं होतं न?"

"हो."

"तू काहून नाही बोलली?"

"तुमचं बोलून झालं होतं."

"फॅक्टरीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला लाइनवरून काढला असता."

"माहीत आहे, बाबा."

"दोघांना," ते म्हणाले. मग टॅग माझ्याकडे परत दिला. "दाखव त्याला. आणि सांग, चौथी घेतली नाही."

डॉक्टर आला तेव्हा मी काही सांगायच्या आधी बाबांनीच सांगितलं, पलंगावर जितकं सरळ बसता येईल तितकं बसून. डॉक्टरनं टॅग दोऱ्याला धरून उजेडात फिरवला. रागावेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "अंकल जी, इतनी साफ हिस्ट्री मुझे कोई पढ़ा-लिखा मरीज़ नहीं देता।" बाबांना हे आवडलं की लागलं ते सांगता येत नाही. पुढे डॉक्टर मला सोप्या हिंदीत म्हणाला की आता बशी काही सांगणार नाही. जंतू अर्धमेले होऊन आत लपलेले असू शकतात, म्हणून उगवले नाहीत. जंतूच होता असं धरून चालायचं. औषध थांबणार नाही, मूत्रपिंडाला झेपेल इतकी मात्रा करू. टॅग त्यानं केस पेपरला स्टेपल केला. तो अजून तिथे असेल.

गुडघा आणखी एकदा धुतला. पुन्हा नमुना गेला, पुन्हा काही उगवलं नाही. महिनाभर शिरेतून औषध, मग कितीतरी दिवस गोळ्या. या वेळी पूर्ण कोर्स, रोज टॅगवर नोंद. साखर उतरली, पायाची चीर भरली, अर्धं पातं मी टाकून दिलं. बाबांना एकच गोष्ट खुपत राहिली. दोष कशानं आला? सुईनं, पात्यानं, की रक्तातून असाच? डॉक्टरनं प्रामाणिकपणे सांगितलं की कळणार नाही. जंतूचं नावही कळणार नाही. अहवालात 'नो ग्रोथ' एवढंच राहील. बाबांनी तो अहवाल फाइलमध्ये लावला आणि वर पेन्सिलीनं लिहिलं: नमुना योग्य स्थितीत सादर केला नाही.

गुडघा वाचला, म्हणजे पाय वाचला. पण आतली गुळगुळीत कूर्चा पुष्कळशी गेली होती. पू असलेल्या सांध्यात ती थोड्याच दिवसांत खाल्ली जाते, आणि आम्ही दोन दिवस घरी घालवले होते. व्यायाम करून करून गुडघा खुर्चीवर बसण्यापुरता वाकू लागला, पुढे नाही. मांडी संपली. डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. बहुधा सायकली मोजत असावेत.

पुढल्या वर्षी श्रावणात त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. चार ओळी. प्रकृतीच्या कारणास्तव पाटावर बसणे शक्य नाही, तरी योग्य व्यक्तीची निवड व्हावी. मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, आता पुन्हा नेपियर टाउनवाले बसतील. मग पाकीट स्वतः चिकटवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, साखर वाढलेली नसतानाही.

आठवड्यानं सचिवांचा फोन आला. मूर्तीसमोर उंच टेबल लावायचं ठरलं होतं, आणि दोन खुर्च्या. काकाच बसतील. मी विचारलं, गुरुजींना चालेल का? सचिव म्हणाले, टेबलाची सूचना गुरुजींचीच.

चतुर्थीला बाबा काठी घेऊन गेले, खुर्चीत बसले, डावा पाय थोडा पुढे काढून. गुरुजी दुसऱ्या खुर्चीत. तयारी चालू असताना मी दूर्वा द्यायला गेले, तेव्हा गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, माझे गुडघे तर सहा वर्षांपासून गेलेत. काका इतक्या निष्ठेनं खाली बसायचे, मी खुर्ची कोणत्या तोंडानं मागणार?"

हे मी बाबांना घरी आल्यावर सांगितलं. त्यांनी बूट काढले, पाय उलटा करून आरशात तळवा तपासला, आता रोज तपासतात तसा. मग म्हणाले, "मी तर गुरुजींसाठी खाली बसून राहिलो होतो."

पूजा त्या वर्षी पन्नास मिनिटांत झाली. दर वर्षी सव्वा तास लागायचा. उरलेला वेळ दोघांना पाटावरून उठवण्यात जात असे.